मानधनाच्या नावाखाली नवे वतन

"रात्री जेवला, पोरांशी बोलला, आणि पहाटे अर्धे अंग लुळे पडले." वाशीम जिल्ह्यातील रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कोणत्याही बौद्ध वस्तीत जाऊन बसा, हे वाक्य कानी पडल्यावाचून राहणार नाही. ऐकणारे मान हलवितात. कोणी म्हणतो, वेळ भरली होती. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. आणि पंचशील घेऊन ज्यांना अजून दोन पावसाळेही लोटले नाहीत, अशा घरांतून शेवटी तोच जुना शब्द निघतो: नशीब! देव्हारा आपण घराबाहेर काढला, गळ्यातले ताईत नदीत सोडले, परंतु नशीब नावाचा हा सर्वांत जुना देव मात्र घराच्या आढ्यावर तसाच बसलेला आहे. त्याला खाली ओढल्याशिवाय आपले धर्मांतर पुरे झाले, असे मी मानावयास तयार नाही.

त्या माणसाला झाले होते ते नशीब नव्हते, रक्तदाब होता. तो काही त्या पहाटे आलेला नव्हता. कदाचित आठ, कदाचित दहा वर्षे तो त्याच्या अंगात मुकाट्याने वस्ती करून होता. हृदय रक्त ढकलते आणि ते रक्त वाहिन्यांच्या भिंतींवर जोर करते. हा जोर वरचा 140 किंवा खालचा 90 याहून वारंवार अधिक भरू लागला, की त्याला उच्च रक्तदाब म्हणावयाचे. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, खोकला नाही. एके दिवशी मेंदूतील वाहिनी फुटते किंवा बुजते आणि अर्धे अंग जाते. नाहीतर हृदय थांबते, नाहीतर मूत्रपिंडे निकामी होतात. प्रत्येक परिणामास कारण असते, आणि कारण नाहीसे केले की परिणाम टळतो, ही भगवान बुद्धांची मूळ शिकवण ज्या रोगास तंतोतंत लागू पडते, असा हा रोग आहे. आणि त्याच रोगापुढे बुद्धाचे अनुयायी हात जोडून नशीब म्हणतात!

दुसरा एक गैरसमज असा, की हा बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग आहे. उन्हातान्हात सोयाबीन सोंगणाऱ्याला तो कोठून होणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2019 ते 2021 या काळात देशभर माणसांचे दंड धरून मोजले, तेव्हा पंधरा वर्षांवरील दर शंभर स्त्रियांत सुमारे 21 आणि दर शंभर पुरुषांत सुमारे 24 जणांना हा विकार आढळला. एवढे बंगले या देशात नाहीत. भाकरीला कोरड्यास नसले म्हणजे ठेचा येतो आणि ठेच्यात मीठ सढळ हाताने पडते; लोणचे, पापड, कुरडया ही गरिबाची भाजीच होऊन बसली आहे. त्यावर खर्रा, आणि ज्या घरात बाविसांपैकी मद्याविषयीची प्रतिज्ञा अजून पोहोचली नाही तेथे दारू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, अधिक मीठ खाऊ नये. 1930 च्या मार्च महिन्यात देशातले मोठे लोक मिठासाठी समुद्राकडे चालले होते आणि आपली माणसे नाशकास काळारामाच्या दाराशी मार खात होती. आज आपल्याला उलटा सत्याग्रह करावयाचा आहे, तो आपल्याच चुलीपाशी.

या रोगावर औषध आहे, आणि ते दुर्मीळ नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारखी एक लहानशी गोळी, रोज एक. दाब उतरला नाही तर डॉक्टर ठरलेल्या पायरीने दुसरी जोडतात. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. केसपेपरचेही पैसे द्यावे लागत नाहीत. मग माणसे का मरतात? गोळी मिळत नाही म्हणून काही मरतात. गोळी सुटते म्हणून त्याहून पुष्कळ मरतात. आठ दिवस घेतली, काही वाटेना, सोडून दिली. गोळ्या संपल्या, दवाखाना दूर, जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. कामासाठी पुण्याकडे गेलो, चिठ्ठी गावी राहिली. शेजारीण म्हणाली, एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते. बाई खरेच बोलली. ही गोळी जन्मभर घ्यावयाची असते, कारण भाकरीही आपण जन्मभर घेतो आणि तिला कोणी सवय म्हणून हिणवीत नाही.

म्हणजे या रोगात डॉक्टरचे काम महिन्यातून पाच मिनिटांचे आहे. उरलेल्या तीस दिवसांचे काम कोणाचे? दार ठोठावून "आजी, गोळी घेतली का?" असे विचारणारे, डबी उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजणारे, चक्कर आली तर उपकेंद्रात हाताला धरून नेणारे माणूस कोण? ते माणूस म्हणजे गावातील आशा. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात साधारण हजार लोकवस्तीमागे एक अशी ही त्याच गावची स्त्री नेमण्यात आली. आरंभी तिचे काम गरोदर बायांचे व बाळांचे होते. 2017 पासून तिशीवरील प्रत्येक माणसाची माहिती घेणे, त्याचा अर्ज भरणे, त्याला तपासणीस आणणे आणि रोग निघाला तर त्याचा पाठपुरावा करणे हेही तिच्या पदरी आले. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे काम बहुधा उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी करतात. परंतु त्या पट्ट्यापर्यंत माणूस आणावयाचा आणि नंतर त्याला सुटू द्यावयाचे नाही, हे काम आशेचे.

हे काम पोकळ आहे असे कोणी म्हणू नये. बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका या तीन देशांतील तीस ग्रामीण वस्त्यांत अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या वस्त्यांत गावच्या आरोग्यकार्यकर्त्या घरी जाऊन दाब मोजीत, समजावीत, डॉक्टरकडे धाडीत. उरलेल्या वस्त्यांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. दोन वर्षांनी पहिल्या वस्त्यांत वरचा दाब दुसऱ्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी अधिक उतरला होता. अंक लहान दिसतो. परंतु हजारो माणसांत तो उतरला म्हणजे कित्येक घरांतील कर्ता माणूस वाचतो. चीनमध्ये 326 खेड्यांत फारसे शिक्षण नसलेल्या ग्रामवैद्यांकडे हेच काम ठरलेल्या पायऱ्यांनी सोपविले. दीड वर्षात तेथे शंभरांतील सत्तावन्न रुग्णांचा दाब आटोक्यात आला, आणि जेथे तसे केले नाही तेथे वीसच जणांचा. आपल्या देशातही 2017 च्या अखेरीस पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत असाच उपक्रम हाती घेण्यात आला आणि महाराष्ट्र त्या पाचांत होता. एकच ठरलेली औषधपद्धती, महिनाभराच्या गोळ्या एकदम, आणि डॉक्टरापासून आशेपर्यंत सर्वांनी वाटून घेतलेले काम, एवढेच त्यात होते. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी त्याचा गौरव केला.

आणि महाराष्ट्राला हे बाहेरून शिकावयाचेही नव्हते. 1970 सालापासून नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील निरक्षर स्त्रियांना, आणि त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजांतील स्त्रियांना, आरोग्याचे काम शिकविले. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते त्याच बायांना सवर्णांच्या घरून बाळंतपणासाठी बोलावणे येऊ लागले.

आता आमच्या वाशीमकडे पाहा. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला, सहा तालुक्यांचा, 2011 च्या शिरगणतीत बारा लाखांच्या आत भरलेला हा जिल्हा. 2018 साली केंद्राने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार होते. वाशीम त्यांत एक. त्या यादीला नाव मात्र आकांक्षित जिल्हे असे दिले. ऑक्टोबर 2024 मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आनंदच आहे. त्यातून आपली मुले डॉक्टर होऊन बाहेर पडोत. परंतु महाविद्यालयाची इमारत कितीही उंच बांधली तरी ती मंगरूळपीरच्या एखाद्या वस्तीपर्यंत चालत जाणार नाही. चालत जाते ती आशा. आणि या साखळीची सर्वांत शेवटची, सर्वांत आवश्यक कडी सरकारने सर्वांत कच्च्या धाग्याने बांधली आहे, हा माझा आरोप आहे. धागा दोन जागी कच्चा आहे. एक जागा जातीची, दुसरी मजुरीची.

जातीची जागा आधी पाहू. ताप दुरून पाहता येतो. गोळी कागदात गुंडाळून वरून टाकता येते. अर्ज वेशीवर बसून भरता येतो. परंतु रक्तदाब स्पर्शावाचून मोजता येत नाही. दंडाला हात लावावा लागतो, पट्टा गुंडाळावा लागतो, मनगट हाती घ्यावे लागते, रुग्णाला पाच मिनिटे शेजारी शांत बसवावे लागते. म्हणून मी म्हणतो, की गावात अस्पृश्यता उरली आहे की नाही, हे पाहण्यास रक्तदाबाच्या पट्ट्याइतके चोख साधन दुसरे नाही. ती उरलेली नाही असे जे पुढारी व्यासपीठावरून सांगतात, त्यांनी 2006 साली प्रसिद्ध झालेला ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेचा अभ्यास वाचावा. अकरा राज्यांतील 565 गावे पाहून तो लिहिला आहे, आणि आरोग्यकर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळतात अशा गावांची नोंद त्यात आहे. गुजरात व राजस्थानातील दलित मुलांविषयी 2010 साली झालेल्या पाहणीत तर औषध देतानाही हात टाळला जात असल्याचे आढळले. आमच्या जिल्ह्यात चांगल्या आशा, चांगल्या आरोग्यसेविका पुष्कळ आहेत. कोणा एकीवर मी बोट ठेवीत नाही. परंतु बौद्ध वस्तीतील म्हातारीचा दाब दारातूनच "ठीक आहे ना, आजी?" एवढ्यावर लिहिला जात असेल, तर तो आकडा खोटा आहे आणि त्या खोट्या आकड्याने म्हातारी मरणार आहे.

या ठिकाणी कायदा स्पष्ट आहे. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या व सहाव्या कलमांनी अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे व इतरांस दिली जाणारी सेवा नाकारणे हे गुन्हे ठरविले. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने प्राथमिक आरोग्य केंद्राचा उल्लेख नाव घेऊन झाला. नवदीक्षित कुटुंबे मला नेहमी एक प्रश्न भीतभीत विचारतात: "साहेब, बौद्ध झालो म्हणजे हे संरक्षण गेले का?" नाही, गेले नाही. 1990 साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली, आणि मूळच्या अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचा दर्जा कायम ठेवला. धर्मांतराने आपण जातीची लाज टाकली. कायद्याची ढाल टाकलेली नाही. दाखला मात्र नीट करून घ्यावा, हे ओघाने सांगतो.

दुसरी गोष्ट निवडीची. आशेची निवड गावानेच ग्रामसभेच्या मार्फत करावयाची असते, आणि दुर्बल घटकांतील स्त्रियांना पुरेसे स्थान द्यावे असे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. आपल्या वस्तीत दहावी झालेल्या सुना आज आहेत. त्यांपैकी किती जणी ग्रामसभेत उभ्या राहिल्या? आपण जयंतीची वर्गणी ठरविण्यास रात्र जागवितो आणि ग्रामसभेच्या दिवशी शेतावर जातो. मग पाटलाच्या वाड्यावर नावे ठरली, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची?

आता मजुरीची जागा. येथे मला अंमळ थांबावयाचे आहे, कारण येथे सरकारचे खरे रूप दिसते.

तिशीवरील माणसाचा अर्ज भरला की आशेला दहा रुपये, असा दर या कामासाठी ठरविण्यात आला. रोग निघालेल्या माणसाचा पाठपुरावा करून त्याचे औषध चालू ठेवले, तर सहा महिन्यांनी पन्नास रुपये. हिशेब करा. पन्नास रुपये भागिले एकशे ऐंशी दिवस. एका माणसाला अर्धांगापासून दूर ठेवण्याची किंमत दिवसाला अठ्ठावीस पैसेसुद्धा होत नाही! या शिवाय काही ठराविक रक्कम मिळते. ती वाढली, हे खरे. परंतु कशी वाढली? ऑक्टोबर 2023 पासून महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, आश्वासने ऐकून परतल्या, पुन्हा जानेवारी 2024 मध्ये उठल्या, मुंबईस आझाद मैदानावर उघड्यावर बसल्या, तेव्हा मार्च 2024 मध्ये राज्याने दरमहा पाच हजारांची वाढ मान्य केली. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, तेव्हा ज्यांनी अभिनंदनाचे तार-संदेश धाडले तेच लोक या बायांना मैदानात बसलेले पाहत होते.

आणि एवढे होऊनही सरकार म्हणते: ही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका आहे. हिला देतो ते वेतन नव्हे, मानधन व मोबदला आहे. म्हणून हिला किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, ही भाषा तुम्ही पूर्वी कोठे ऐकली आहे? तुमच्या आजोबांना विचारा. महार वतन म्हणजे काय होते? कामाचे तास ठरलेले नाहीत. रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा धावावयाचे. काम सरकारचे, परंतु पोट भरावयाचे गावाच्या बलुत्यावर. आणि ते बलुतेही हक्काने नव्हे, मर्जीने. आमच्या वऱ्हाडात नावे निराळी असतील, राबणे तेच होते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच गुलामगिरीविरुद्ध. त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारला चाकर हवा असेल तर सरकारने त्याला पगार द्यावा. सनातनी तेव्हा म्हणत, वतन हा मान आहे, तो का सोडता? अखेर 1958 च्या कायद्याने ती वतने गेली. आज मान हा शब्द पुन्हा आला आहे. फक्त वतनाऐवजी त्याला धन जोडले आहे. आशेचे तास ठरलेले नाहीत, बाळंतीण रात्री अडली तर तिलाच हाक, काम सरकारचे, आणि पैसा कामाच्या तुकड्यांवर, तोही वरून येईल तेव्हा. ज्या पुरुषाने महार वतन लाथाडले त्याच्या नातीला सरकारने पुन्हा वतनदारीण केली आहे!

वकील म्हणून मी हा केवळ अलंकार वापरीत नाही. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. 1982 साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी राबलेल्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी दराने काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, कारण भूक ही देखील सक्ती आहे. पुढल्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात, हे मदतकार्य आहे म्हणून कमी देतो, ही सबब न्यायालयाने फेटाळली. 2013 साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की अशा योजनांतील स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी. 25 एप्रिल 2022 रोजी अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मानधन असे नाव दिले म्हणून ते उपदानाच्या कायद्याखाली वेतन होण्याचे थांबत नाही. तो निर्णय अंगणवाडीपुरता आहे, हे मी जाणतो. आशेची नेमणूक निराळ्या पायावर आहे, असा युक्तिवाद सरकारी वकील करतील, हेही जाणतो. परंतु नावामागील काम पाहावे, हे तत्त्व तर एकच आहे. 1942 ते 1946 या काळात ज्यांनी मजूरमंत्री म्हणून कारखान्यातील कामाच्या तासांना मर्यादा घालण्याचा पाठपुरावा केला, त्यांचे चित्र ज्या सरकारी कचेरीत टांगलेले असते त्याच कचेरीतून आशेला पत्र जाते की, तुमचे तास आम्ही मोजत नाही.

येथे काही सज्जन मध्ये पडतात. ते म्हणतात, रुग्णसेवा हे पुण्यकर्म. त्यात पैशाची भाषा कशाला? आणि आपल्याला गप्प करण्यासाठी ते बुद्धाचेच नाव घेतात. ठीक आहे, बुद्धाकडेच जाऊ. विनयपिटकात एका भिक्खूची कथा आहे. तो अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि त्याचा कोणाला उपयोग नाही म्हणून कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. आणि ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी, या अर्थाचा उपदेश संघाला केला. रुग्णसेवकाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत, त्यात लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी हाही आहे. सज्जन येथे पुस्तक मिटतात. मी पुढचे पान उघडतो. त्याच ठिकाणी नियम आहे की भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, कारण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. ज्या संघात कोणाच्या मालकीचे काही नव्हते, त्या संघानेसुद्धा सेवकाचा हक्क विसरला नाही. आणि त्या भिक्खूला अन्न, वस्त्र, निवारा, औषध यांची चिंता नव्हती, संघ होता. आशेच्या घरी चूल आहे, पोरांची शाळा आहे, दुकानदाराची उधारी आहे. पुण्य तिला आणि पगार आम्हाला, अशी वाटणी करणाऱ्याने बुद्धाचे नाव घेऊ नये.

सरकारवर एवढे बोलल्यावर आपल्या घराकडेही वळले पाहिजे. त्याच प्रकरणात रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. पथ्य पाळणारा, खाण्यात प्रमाण ओळखणारा, औषध घेणारा, दुखणे वाढले की घटले की तसेच आहे हे सेवकाला खरे सांगणारा, आणि वेदना सोसणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या रक्तदाबाच्या रुग्णास असे लागू पडते, की जणू उपकेंद्राच्या भिंतीवर लावण्यासाठीच लिहिले. आणि आपण काय करतो? आशा विचारते, गोळी घेता ना? आपण म्हणतो, हो; गोळ्या कोनाड्यात असतात. मृषावाद वर्ज्य करण्याचे शील काय फक्त न्यायालयातल्या साक्षीपुरते आहे? पुरुषमंडळी तर दंड पुढे करण्यातच कमीपणा मानतात. घरातल्या बाईचा दाब मोजून घेण्यास तर कोणाला आठवणही होत नाही. ती सर्वांत शेवटी जेवते तशीच सर्वांत शेवटी तपासली जाते. काही घरे अजून रात्री भगताकडे जाऊन अंगारा आणतात व सकाळी विहारात वंदना म्हणतात. बाबासाहेब स्वतः कित्येक वर्षे मधुमेहाने जर्जर होते. त्यांनी अंगारा लावला नाही, डॉक्टर बोलाविले.

विहाराचे नाव निघालेच आहे म्हणून एक सूचना करतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास दान दिले. त्याच्या भूमीत आज गावोगाव आपण विहारे बांधली आणि बहुतेकांना महिन्याचे अठ्ठावीस दिवस कुलूप असते. रक्तदाबाच्या गोळ्या तीस दिवसांच्या मिळतात. पौर्णिमा साधारण तेवढ्याच दिवसांनी येते. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेपूर्वी विहारात आशा, आरोग्यसेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांना बोलवावे, सर्वांसमक्ष दंडाला पट्टा बांधून दाब मोजावा, अंक वहीत उतरावा, आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंतच्या गोळ्या तेथेच हाती पडाव्यात. गावातील इतर समाजांचे रुग्ण आले तर त्यांनाही त्याच सतरंजीवर बसवावे. मात्र विहारात दिली म्हणून गोळीला तीर्थ-प्रसाद समजू नये. दाब उतरला तरी डॉक्टरला विचारल्यावाचून ती बंद करावयाची नाही. जो कामासाठी बाहेरगावी जाणार असेल त्याने आधी सांगून वाढीव गोळ्या व चिठ्ठी बरोबर न्यावी.

याला सरकारी साहाय्य हवे, आणि ते मागण्याची रीत सांगतो. येत्या ग्रामसभेत लेखी ठराव मांडा: बौद्ध वस्तीतील तिशीवरील प्रत्येकाची तपासणी घरी किंवा विहारात व्हावी, आशेची जागा रिकामी असल्यास ती जाहीर दवंडीने व ग्रामसभेतच भरावी, आणि आशांना किमान वेतन व कामगाराचा दर्जा द्यावा, अशी ग्रामसभेची मागणी शासनाकडे जावी. आशा आपल्या समाजाची असो वा नसो, तिसरी मागणी सोडू नका. ठरावाची नक्कल सहीशिक्क्यानिशी घ्या. त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली प्राथमिक आरोग्य केंद्राकडे एक अर्ज द्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. विचारावयाचे एवढेच: मागील बारा महिन्यांत या केंद्रात व त्याखालील उपकेंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्या कोणकोणत्या तारखांना शिल्लक नव्हत्या, आणि आशांची देणी किती महिन्यांची थकली आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.